न झालेला जानेवारी

प्रांताच्या मोठ्या इस्पितळातून डोळ्यांचं पथक वर्षातून एकदाच येतं, तेही दोनच दिवस, आणि ते आलं की तालुक्याच्या इस्पितळाचा नुसता बाजार होतो. त्या गुरुवारी सकाळी सातलाच ओसरीतल्या बाकांवर साठ-बासष्ट म्हातारी माणसं हिरव्या टोप्या घालून बसली होती. ज्या डोळ्याचं काम करायचं त्याच्या वर कपाळाला पट्टी चिकटवलेली. लेकी-सुना वेताच्या डब्यांतून चिकट भात आणि भाजलेली कोंबडी काढून त्यांच्या नाकासमोरच खात होत्या, आणि उपाशी बसवलेले म्हातारे वास घेत चरफडत होते.

ओराथाय या गर्दीत कधी फिरकत नाही. तिची खोली मागच्या अंगाला, औषधांच्या कोठाराशेजारी. इस्पितळाच्या साऱ्या नोंदी तिच्या ताब्यात. वय एकोणचाळीस, बोलणं मोजून मापून, आणि कामाला अशी चोख की वरचे साहेब दुसऱ्या तालुक्यांना तिचं उदाहरण द्यायचे. बाहेर बसलेली ती बासष्ट नावं तिच्याच प्रोग्रामच्या यादीतून निवडलेली. तो दरवर्षी डेटाबेस वाचतो, जन्मतारखेवरून वय काढतो, साठीच्या पुढच्यांची यादी करतो आणि गावोगावच्या आरोग्यसेविकांना धाडतो, की यांना डोळे तपासायला आणा. यादीत नाव असलं तर सेविका दारात येऊन घेऊन जाते. नसलं तर कोण विचारतंय?

साडेदहाला पी बुसबा दार न वाजवता आत आली. डोळ्यांच्या विभागाची ही मुख्य नर्स. सगळं इस्पितळ तिला मोठी बहीण मानून पी म्हणतं, आणि मोठ्या बहिणीला भ्यावं तसं भितंही.

"ओराथाय, तुझ्या यंत्राला मोतीबिंदू झालाय का गं?"

"काय झालं, पी?"

"बाहेर एक म्हातारी आलीय. याय बुनपेंग, डोंगरापलीकडच्या गावातली. ब्याऐंशीची आहे. लेकीनं पंच्यानं पाठीशी बांधून स्कूटरवर आणलीय, अगदी लहान पोरासारखी. डावा डोळा गेला तिचा. डॉक्टर म्हणाले, त्यात आता काही राम नाही. मोतीबिंदू पिकून फुगला, आत दाब वाढला, नस मेली. आता उजव्यातही तेच सुरू झालंय. डोकं धरून बसलीय बिचारी. आजच केला तर हा डोळा राहील."

"मग करा की."

"करा की! यादीत नाव नको? काउंटरवरची पोरगी कार्डाचे तेरा आकडे टाकते आणि तुझं यंत्र सांगतं, अशी कोणी नाहीच. पथकाची माणसं यादीबाहेरच्याला टेबलावर घेत नाहीत. हातानं लिहिलेली चिठ्ठी तर मुळीच चालत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. उद्या डाव्याच्या जागी उजवा कापला म्हणजे? प्रांताला पाठवावी तर तिथं दोन महिन्यांनी नंबर. तोवर बाई ठार आंधळी होईल. बाराला आजची यादी बंद होते. बघ काय ते."

ओराथायनं आकडे टाकले. खरंच, कोणी नाही. मग तिनं प्रोग्राम बाजूला ठेवला आणि थेट खालचा डेटाबेस उघडला, जुनी कागदी पुस्तकं उतरवून घेतलेला, कुणी न चाळलेला. तिथं याय बुनपेंग, म्हणजे बुनपेंग आजी, होती. नाव, गाव, रक्तगट, नऊ वर्षांपासून चालू असलेली रक्तदाबाची गोळी. सगळं जागच्या जागी. जन्मतारखेच्या रकान्यात बुद्ध सनाचं, इसवीच्या ५४३ पुढचं साल २४८३, महिना एक, दिवस शून्य.

 तो शून्य बघितला आणि काय झालं असेल ते ओराथायला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या कुणाला शोधायला आठवडा लागला असता. तिला लागला नाही, कारण प्रोग्राममधली ती ओळ तिनंच लिहिली होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वरच्या कार्यालयाकडून दर महिन्याला चुकांची यादी परत यायची. तारीख अपुरी, तारीख अवैध, तारीख अपुरी. तिच्या आधीच्या कारकुनानं या दुखण्यावर सोपा उपाय काढला होता. जिथं तारीख नाही तिथं ठोक एक जानेवारी. त्यानं दोन गावं अशी उरकली होती, आणि ओराथायनं आल्या आल्या बघितलं तर एका गावातली दोनशे माणसं एकाच सकाळी जन्मलेली! ती पोट धरून हसली होती तेव्हा. पण मग हसू ओसरलं, कारण त्या दोनशेंत खरोखर एक जानेवारीला जन्मलेलं कोण होतं, ते आता देवालाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, आपण खोटी तारीख कधी लिहायची नाही. म्हणून तिनं प्रोग्रामला सांगितलं: तारीख धड नसेल तर ती नोंद सोड आणि पुढं चल. दुसऱ्याच महिन्यात चुका शून्य झाल्या. तीन वर्षं शून्यच राहिल्या. साहेबांनी बोलावून तिला प्रशस्तिपत्र दिलं, चौकटीत बसवलेलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सापडली का?" पी बुसबानं विचारलं.

"सापडली. तारीख अर्धीच आहे तिची. महिना आहे, दिवस नाही."

"मग दिवस टाक एखादा."

तेवढी मुभा होती. दिवस माहीत नसेल तर महिन्याचा पहिला धरावा, असं कायदाच म्हणतो. ओराथायनं टाकलं: एक जानेवारी २४८३. पडद्यावर लाल पट्टी आली. अशी तारीख अस्तित्वात नाही.

"आता काय झालं?"

"पी, त्र्याऐंशी सालाला जानेवारी नव्हता."

पी बुसबानं तिच्याकडं असं बघितलं, की बाई, तुझी तब्येत बरी आहे ना?

"खरंच नव्हता. पूर्वी आपलं नवं साल एप्रिलपासून लागायचं. सरकारनं ते बदलून जानेवारीवर आणलं. चौऱ्याऐंशी साल एकदम जानेवारीत सुरू झालं आणि त्र्याऐंशी नऊ महिन्यांतच संपलं. एप्रिल ते डिसेंबर, बस्स. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च त्या सालाला मिळालेच नाहीत. ही तपासणी मीच घातलीय प्रोग्राममध्ये." हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज बारीक झाला. प्रांताच्या प्रशिक्षणात तिनं हाच किस्सा रंगवून सांगितला होता आणि लोक खो खो हसले होते. सयामात तीन महिने असे आहेत की ज्यांत कोणी जन्मलंच नाही!

"म्हणजे सरकारनं तीन महिने गिळले, आणि ही म्हातारी नेमकी त्यांतच जन्मली?"

"त्यांत कोणी जन्मूच शकत नाही, पी. ते महिने झालेच नाहीत."

"असं? बाहेर बसलीय ती. जा, तिला सांग जाऊन, की तू झालीच नाहीस." पी बुसबानं दार उघडून धरलं. "मला काय, मी वेडीच आहे. चल, ऊठ."

याय बुनपेंग ओसरीच्या टोकाच्या बाकावर ताठ बसली होती. अंगात नीट इस्त्री केलेला फुलांचा सदरा, जांभळ्या काठाचं लुगडं, तोंडात पानाचा बारका तोबरा. उजव्या डोळ्यावर तिनं हात धरला होता, कारण उजेड लागला की ठणका थेट मेंदूत जायचा. शेजारी तिची लेक समलान. पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, आणि रागानं फणफणलेली.

"तीन वर्षं," ओराथाय समोर येताच समलाननं सुरुवात केली. "तीन वर्षं आमच्या गावात ती सेविका येते. शेजारच्या घरातून म्हातारीला नेते, पलीकडच्या घरातून म्हाताऱ्याला नेते. मी विचारते, आमच्या आईचं काय? म्हणते, यादीत नाव नाही. मी म्हणते, का नाही? म्हणते, वरून आलं नाही. आता मला सांगा, वर कोण बसलंय?"

 ओराथाय गुडघ्यांवर बसली आणि तिनं म्हातारीपुढं हात जोडले.

"याय, तुमचा जन्म कधीचा?"

"थंडीतला," म्हातारी म्हणाली.

"महिना कोणता?"

"यी महिना. आपला दुसरा, कचेरीवाले जानेवारी म्हणतात तो. भात खळ्यावर होतं. आई मळणी टाकून घरी आली नि मी झाले. बाप म्हणाला, पोरीनं एका माणसाचं काम बुडवलं."

"आणि तारीख?"

"तारीख?" म्हातारी हसली. पुढचे दोन दात पानानं काळे झालेले. "तिला कळा येत होत्या, लेकी. तारीख बघायला ती काय कचेरीत बसली होती?"

आजूबाजूच्या हिरव्या टोप्या हसल्या. समलान हसली नाही.

"पण त्र्याऐंशी साल कुणी सांगितलं, याय?"

"बारा जनावरांच्या फेऱ्यातलं मोठ्या सापाचं साल होतं. आई कायम सांगायची, तू सापाची म्हणून अशी हट्टी. घरनोंदणीची पुस्तकं आली तेव्हा मी पंधराची होते. गावप्रमुख आमच्या ओट्यावर बसून लिहीत होता नि मी पुढ्यातच लसूण सोलत होते. आई म्हणाली, मोठा साप, दुसरा महिना. त्यानं बोटं मोजली. मोठा साप लागला त्र्याऐंशीच्या सोंगक्रानला. एप्रिलात पाण्याचा सण झाला की नवं साल. पुढचा सोंगक्रान यायच्या आत ही झाली, म्हणजे त्र्याऐंशीच. शहाणा होता हो तो माणूस. चुकलं का त्याचं?"

ओराथाय तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. राजधानीत कागदावर साल बदललं, पण डोंगरापलीकडं कुणी कागद घेऊन गेलंच नव्हतं. तिथं साल सोंगक्रान ते सोंगक्रान असंच चालत राहिलं, आणि पंधरा वर्षांनी नोंद करतानाही त्या भल्या माणसानं त्याच हिशेबानं बोटं मोजली. तिकडच्यांचा त्र्याऐंशीचा जानेवारी तोच राजधानीचा चौऱ्याऐंशीचा जानेवारी. थंडी तीच, खळं तेच, पोर तीच. म्हातारीला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं बरोबर होतं. आणि आपण काय केलं? एकदाही कुणाला विचारलं नाही. अवैध, म्हणालो आणि पुढं गेलो.

"नाही, याय," ती म्हणाली. "त्याचं काही चुकलं नाही."

खोलीत परत येऊन तिनं आधी जुन्या नोंदीला हात न लावता ती तशीच ठेवली. २४८३, एक, शून्य. पुस्तकात जे लिहिलंय ते लिहिलंय. मग शेजारी तिनं नवा रकाना उघडला, आणखी एक उघडला. पहिल्यात घातलं: जानेवारी २४८४ असं वाचावं, गावच्या मोजणीनुसार. दुसऱ्यात घातलं: साल ठाऊक, महिना ठाऊक, दिवस ठाऊक नाही. पथकाच्या यादीला मात्र पूर्ण तारीख लागते, म्हणून तिथं महिन्याची एक तारीख गेली, पण सोबत खूण गेली की हा दिवस मानलेला आहे, सांगितलेला नाही. सारं मिळून दहा मिनिटांचं काम. तीन वर्षांपूर्वीही दहाच मिनिटं लागली असती. 

अकरा पस्तीसला यादी गेली. त्रेसष्ट नावं. काउंटरवरून पी बुसबाचा आवाज आला, "आली गं आली, बाई जन्मली एकदाची!" आणि ओसरीत पुन्हा हशा पिकला.

दीड वाजता याय बुनपेंगला आत नेलं.

ओराथायला जेवण गेलं नाही. तिनं प्रोग्राममधली ती ओळ पुन्हा उघडली आणि उलटी फिरवली. म्हणजे प्रोग्रामला म्हणाली, तू ज्यांना सोडून पुढं जात होतास, तेवढेच मला दाखव. पडद्यावर नावं उतरली. एक्केचाळीस. याय बुनपेंग धरून.

काहींचा दिवस शून्य. काहींचा दिवसही शून्य, महिनाही शून्य, नुसतं साल. आणि सात जण असे, की ज्यांची तारीख पूर्ण होती, एकोणतीस फेब्रुवारी, कुणाची २४८७ची, कुणाची २४९१ची. तिला आधी कळेना, की ही का गळली? मग कळलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. प्रोग्राम २४९१ हा बुद्ध सनाचा आकडा फिरंग्यांचं इसवी साल समजून बघत होता, आणि त्या दूरच्या सालात फेब्रुवारीला अठ्ठावीसच दिवस. इथं तर नोंदीत काहीच उणं नव्हतं. त्या सातांनी आपली तारीख अगदी तंतोतंत सांगितली होती आणि यंत्रानं त्यांनाच खोटं पाडलं होतं.

ती नावं वाचत गेली. बहुतेक अनोळखी. मग एका नावावर थांबली. ता कॅन, म्हणजे कॅन आजोबा. इस्पितळाच्या फाटकाशी झाडू विकणारा म्हातारा. वर्षभरापासून तो तिला चपलांच्या आवाजावरून ओळखायचा. "ओराथाय आली का?" म्हणून लांबूनच हाक मारायचा. आणि हिला वाटायचं, काय हुशार म्हातारा आहे!

तिला रडूच आलं. पण माणूस मोठा चमत्कारिक प्राणी. डोळे पुसता पुसता तिच्या मनात दुसराच हिशेब सुरू झाला. पथक उद्या चारला जातं. एक्केचाळीस माणसं म्हणजे डोंगरापर्यंतची बारा गावं. आता बोंब केली तर साहेब विचारणार, तीन वर्षं काय करत होतात? समलानसारखी आणखी चाळीस घरं विचारणार. कुणाचा एक डोळा गेला असेल, कुणाचे दोन्ही. त्यापेक्षा पथक जाऊ दे. मग आपण शांतपणे एकेकाची नोंद सुधारू. पुढच्या वर्षीच्या यादीत सगळे आपोआप येतील, आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. शिवाय यात खोटं काहीच नाही. सुधारायचंच आहे ना?

तिनं ती यादी जपून ठेवली आणि खिडकी बंद केली.

तीनच्या सुमारास ती वॉर्डात गेली. कशाला गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. याय बुनपेंग खाटेवर उताणी पडली होती, उजव्या डोळ्यावर जाड पट्टी आणि वर प्लास्टिकची वाटी. डावा उघडा होता, पण त्याचा काही उपयोग नव्हता. डॉक्टर सांगून गेले होते, दाब उतरला, काम छान झालं, पट्टी उद्या सकाळी काढू, दिसेल. समलान औषधं आणायला गेली होती.

"याय," ओराथायनं तिचा हात हातात घेतला. हात खरखरीत होता आणि हलका. "मी मघाची. तारीख विचारणारी."

"आवाज कळला मला. ठणका गेला बघ, लेकी. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. आता कसं गार वाटतंय."

ओराथायला तेवढ्यावर उठून जाता आलं असतं. म्हातारी खूश, डॉक्टर खूश. पण तो हात हातातून सोडवेना, आणि हातात धरून गप्पही बसवेना.

"याय, तुमच्या लेकीनं मघाशी विचारलं, वर कोण बसलंय. मी बसलेय. तुमचं नाव आमच्याकडं होतं. मी यंत्राला सांगितलं होतं, ज्यांची तारीख अर्धी त्यांना सोडून दे. म्हणून तीन वर्षं तुम्हाला कुणी न्यायला आलं नाही. तुमचा डावा डोळा माझ्यामुळं गेला."

 पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता. पंखा फिरत होता.

"मी होते तुझ्या यंत्रात?"

"होतात."

"नावानिशी?"

"नाव, गाव, सगळं. गोळीसुद्धा."

"नि ते माझ्यावरून उडी मारून पुढं जायचं?"

"हो, याय."

म्हातारीनं ओठ आवळले. उघड्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ज्या डोळ्याला दिसत नाही त्यातूनही रडता येतं, हे ओराथायनं आजवर पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आता ही शिव्या देईल. द्याव्यातच. तिनं मनाची तयारी केली.

"मागल्या साली नातीचं लग्न झालं," म्हातारी म्हणाली. "सगळी म्हणाली, पोरगी काय गोड दिसतेय. मी पण म्हटलं, हो हो, गोड दिसतेय. मला नुसता पांढरा ठिपका दिसत होता." मग ती थांबली. "मी एकटीच होते का गं त्यात?"

 ओराथायला हो म्हणता आलं असतं. म्हातारीला कुठं दिसत होतं?

"नाही. आणखी चाळीस आहेत."

"त्यांना कळवलंस?"

"नाही अजून. पथक गेलं की मी..."

"डॉक्टर कधीपर्यंत आहेत?"

"उद्या चारपर्यंत."

म्हातारीनं आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला. हळूच नाही, हिसडून.

"मग इथं माझा हात धरून काय बसलीस?" ती म्हणाली. पट्टीखालून, त्या काळोखातून ती तिच्याकडं बघत असल्यासारखी वाटली. "मला बरं वाटावं म्हणून की तुला? ऊठ. ऊठ म्हणते ना!"

ओराथाय उठली. वॉर्डाच्या दारापर्यंत चालत गेली आणि तिथून चक्क पळत सुटली. एकोणचाळीस वर्षांची बाई, गळ्यात ओळखपत्र, ओसरीतून अशी पळताना कुणी तिला कधी पाहिली नव्हती.

पी बुसबा काउंटरवर उभ्यानंच भाताचा गोळा तिखटात बुडवून खात होती. ओराथायनं छापलेला कागद तिच्यासमोर ठेवला. "चाळीस नावं आहेत, पी. तीन वर्षं गळत होती. चूक माझी आहे, यंत्राची नाही. साहेबांना मी स्वतः सांगते. पण आधी यांना आणू या."

पी बुसबानं कागद वाचला. मग तिला एक अशी शिवी दिली की समोरच्या बाकावरचे दोन म्हातारे दचकले. मग हात धुतले, कागदाचे फाडून दोन तुकडे केले, अर्धा स्वतःकडं ठेवला, अर्धा तिच्या हातात कोंबला आणि फोन उचलला.

ता कॅनला ओराथाय स्वतः फाटकावरून हाताला धरून घेऊन आली. त्याचा मोतीबिंदू पिकला होता, पण डोळे शाबूत होते. डॉक्टर म्हणाले, उद्या पहिला नंबर याचा. मग ती टेबलाशी बसली आणि एकेक आकडा फिरवू लागली. पहिला फोन लागला नाही. दुसऱ्या घरचा म्हातारा गेल्या पावसाळ्यात वारला होता. सुनेनं शांतपणे सांगितलं. ओराथायनं त्याच्या नावापुढं मरणाची तारीख लिहून घेतली. ही तारीख पूर्ण होती, दिवस, महिना, साल.

तिसरा फोन एका म्हाताऱ्यानं स्वतःच उचलला. मागं कोंबड्या ओरडत होत्या. जन्म २४८८, दिवस शून्य, महिना शून्य. ओराथायनं त्याचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाली, तालुक्याच्या इस्पितळातून बोलतेय, डोळ्यांचे डॉक्टर आलेत, उद्या सकाळी गाडी पाठवते, याल ना?

पलीकडं त्यानं कोंबड्यांना हुसकलं.

"माझं नाव तुम्हाला कुणी दिलं?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्याच्या आवाजात संशय होता, आणि त्यामागं घाबरत घाबरत आलेला आनंदही. "आमच्या घराला कधी कुणी बोलवत नाही. मी तर मागणंही सोडून दिलं होतं. कुठून मिळालं नाव?"

ओराथायनं डोळे मिटून घेतले.

"आमच्याकडंच होतं, ता," ती म्हणाली. "पहिल्यापासून होतं."